सत्तर पानांचा पुडा: चांदा-गडचिरोलीतल्या तंबाखूचे कागद

तेंदूच्या फडावरचा हिशेब चोख असतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने. एप्रिल-मे महिन्यांत दिवस उजाडायच्या आत बाया-माणसे जंगलात शिरतात, ऊन चढेपर्यंत पाने खुडतात, घरी आणून सगळे कुटुंब पुडे बांधायला बसते आणि संध्याकाळी ते फडावर जातात. तिथे फडमुंशी मोजून घेतो आणि कार्डावर आकडा चढवतो. पुडे उन्हात वाळवायचे, उलटायचे, पाणी शिंपून मऊ करायचे, बोदात भरायचे आणि मग ट्रक. तोडणाऱ्या हातापासून ठेकेदाराच्या गोदामापर्यंत प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आकडा लिहिलेला असतो.

पुढे या पानात तंबाखू भरली जाते, ती बिडी कुणीतरी ओढतो आणि तिचा धूर शेजारी बसलेल्या बाईच्या, पोराच्या छातीत जातो. या पुढच्या प्रवासाचा हिशेब कुठल्या वहीत आहे? कायदे, न्यायनिर्णय, गॅझेटिअरे, मानववंशशास्त्राची पुस्तके, वैद्यकीय नियतकालिके, पाहण्यांचे अहवाल आणि ग्रामसभांचे निर्णय असा कागद या विषयावर आज उपलब्ध आहे. तो सालवार लावून वाचला की एक गोष्ट स्वच्छ दिसते. या मुलखात तंबाखू आधी महसूल म्हणून नोंदली गेली, मग मजुरी म्हणून, मग हक्क म्हणून. आजार म्हणून तिची नोंद सर्वांत शेवटी झाली.

हकिमाचा आक्षेप

दख्खनमधल्या तंबाखूबद्दलचा एक जुना आणि बोलका कागद विजापूरशी जोडलेला आहे. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरहून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन. दरबारात काय झाले ते त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. ही वस्तू नवी आहे, आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, पारख न करता फिरंग्यांच्या मागे जाऊन ती घेणे बरे नव्हे, असा त्याच्या बोलण्याचा आशय. असद बेगने वाद घातला आणि उरलेली तंबाखू सरदारांत वाटली. मागणी वाढली, व्यापारी माल आणू लागले. जहांगीराने १६१७ साली धूम्रपानाला मनाई केली, तिचा उपयोग झाला नाही.

हिंदुस्थानातल्या तंबाखूच्या अगदी सुरुवातीच्या या नोंदीतच वैद्याचा आक्षेप लिहिलेला आहे आणि तो बाजूला सारल्याचेही लिहिलेले आहे. पुढची साडेतीनशे वर्षे हाच क्रम राहिला.

डबीतली तंबाखू

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांकडे आला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला. मेजर लुसी स्मिथ यांचा जमीन महसुलाचा अहवाल १८६९चा, जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०९चे. आजचा गडचिरोली त्या वेळी याच चांद्याचा पूर्वेकडचा, जमीनदाऱ्यांचा, दाट जंगलाचा भाग होता. या दोन्ही कागदांची रचना महसूल अधिकाऱ्याच्या नजरेतून झालेली आहे: जमीन, पिके, जंगल, रस्ते, वसुली.

माणसाच्या हातातली तंबाखू पाहायची तर शेजारच्या बस्तरवर लिहिलेली पुस्तके उघडावी लागतात. ग्रिगसन यांचे माडियांवरचे पुस्तक १९३८चे, व्हेरिअर एल्विन यांचे मुरिया आणि त्यांच्या घोटुल या युवागृहावरचे १९४७चे. सीमेच्या अलीकडे भामरागड-एटापल्लीत राहणारे माडिया याच समाजाचे. एल्विन यांच्या लेखनात लाकडाच्या, बांबूच्या कोरीव तंबाखूच्या डब्या दिसतात आणि घोटुलात एकमेकांना तंबाखू देण्याचा रिवाज दिसतो. डबीवरचे नक्षीकाम पाहिले की कळते, ही आपलेपणाने द्यायची वस्तू होती. पाहुण्याला, मैत्रिणीला, वडीलधाऱ्याला चिमूटभर.

या नोंदींवरून तो काळ निर्व्यसनी होता असे कुणी म्हणू नये. निकोटिन तेव्हाही निकोटिनच होते. पण देण्याघेण्याच्या त्या चिमटीला कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानाचा आधार नव्हता, वेष्टन नव्हते, उधारीची वही नव्हती. ती सोय नंतर आली आणि तिच्या येण्याच्या तारखा कागदावर आहेत.

आगगाडी आणि पान

बिडी उद्योगाचा इतिहास सांगतो, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या काही कुटुंबांनी मध्य प्रांतात रेल्वेमार्गालगत बस्तान बसवले. गुजरातेत बिडीला आपट्याचे पान वापरत. इकडे त्यांना टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे पान सापडले. पातळ, लवचिक, सुकले तरी चुरा न होणारे आणि जंगलभर पसरलेले. जबलपूर आणि गोंदिया ही बिडीची मोठी ठाणी झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टपर्यंत अरुंद रूळ पोहोचले होते. त्याच मार्गावरचे वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्थानक.

तोवर या झाडाचा मान फळासाठी आणि लाकडासाठी होता. टेंभरे लोक आवडीने खात, आजही खातात. काळ्या लाकडाला किंमत होती. बिडीने पानाला भाव आणला. कोवळे, मोठे, बिनडागाचे पान मिळावे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटण्याची पद्धत पडली. तिला इकडे बेलाकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटाला नवी फूट येते, तिचे पान चांगले निघते. तीच फूट पुढे यावी म्हणून जंगलाला आगही लावली जाते. छाटलेले झुडूप झाड होत नाही आणि फळही देत नाही.

सरकारलाही तंबाखूचा गंध लागला. दुसऱ्या महायुद्धात पैशाची चणचण असताना १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय उत्पादन शुल्क बसले. त्याआधी १९२९ मध्ये मध्य प्रांताने अल्पवयीनांच्या धूम्रपानाला आळा घालणारा कायदा केला होता. म्हणजे मुलांना तंबाखू घातक आहे हे प्रांताच्या कायदेमंडळाने लिहून ठेवले होते. पुढच्या कागदात त्याच प्रांतातली मुले वेगळ्या नात्याने येतात.

८ नोव्हेंबर १९५०

मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, सगळे बिड्या वळायला जातात, म्हणून हंगामात ठरावीक गावांत बिडी उत्पादन बंद ठेवण्याचा अधिकार उपायुक्ताला द्यावा, असा त्याचा हेतू. सागर जिल्ह्याच्या उपायुक्ताने १९५०च्या पावसाळ्यासाठी तसा हुकूम काढला. बिडी कारखानदार आणि कामगार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल ८ नोव्हेंबर १९५० रोजी लागला, न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी तो लिहिला. वाजवी निर्बंध म्हणजे काय हे ठरवणारा निकाल म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. हुकूम सागरचा असला तरी कायदा साऱ्या प्रांताचा होता आणि चांदा तेव्हा त्याच राज्यात होता.

न्यायालयाने कायद्याची ही बंदी रद्द केली. कारण देताना निकाल सांगतो, की या गावांत शेतीकामाला निरुपयोगी असलेले अपंग, अशक्त लोक आहेत, मुले आहेत, म्हाताऱ्या बाया आहेत, छोटे दुकानदार आहेत. ते फावल्या वेळात बिड्या वळून पोटाला चार पैसे मिळवतात, त्यांनाही ही बंदी लागू पडते, म्हणून ती हेतूच्या बाहेर जाते. धंद्याच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम आहे आणि गरिबांच्या बाजूचाही आहे. पण आज ते वाक्य वाचताना मुलांच्या उल्लेखापाशी थांबावे लागते. १९२९च्या कायद्यात ज्या मुलांना तंबाखूपासून दूर ठेवायचे होते, तीच १९५०च्या निकालात मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरणारे हात म्हणून येतात आणि त्यांची कमाई जाऊ नये अशी काळजी दिसते. तंबाखूची धूळ त्यांच्या श्वासात जाते हा प्रश्न त्या खटल्यात कुणी आणलाच नव्हता. एका बाजूला शेतमालकाला मजूर हवे होते, दुसऱ्या बाजूला कारखानदाराला धंदा. वादाचे दोन्ही पक्ष हातांबद्दल बोलत होते.

मुंबईतून आलेला पुरावा

त्या वेळी मुंबईत दुसऱ्याच प्रकारची मोजणी चालू होती. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या रुग्णांच्या नोंदींवर डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. संघवी, राव आणि खानोलकर यांचा शोधनिबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू चघळणे व बिडी ओढणे यांचा तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात आकड्यांनी मांडलेला आहे. ज्या काळात इंग्लंड-अमेरिकेत सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा वाद रंगला होता, त्याच काळात आपल्याकडच्या बिडीचा आणि चघळण्याचा पुरावा एका मराठी वैद्याच्या देखरेखीखाली तयार झाला होता.

या कागदाशेजारी पुढचे सरकारी कागद ठेवून पाहावेत. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. कामाचे तास, रजा, कारखान्याचा परवाना अशा गरजेच्या गोष्टी त्यात आल्या. १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपज व्यापार विनियमन कायदा केला. सार्वजनिक हितासाठी काही वनोपजांच्या व्यापारात राज्याची मक्तेदारी निर्माण करणे, हा त्याचा जाहीर उद्देश. व्यापाऱ्यांची लूट थांबावी हा हेतू चांगला होता. तरी साल लक्षात घ्यावे: मुंबईतल्या पुराव्यानंतर चौदा वर्षांनी राज्य स्वतः बिडीच्या पानाचे एकमेव व्यापारी झाले.

१९७५ मध्ये केंद्राने सिगारेटचा कायदा करून पाकिटावर धोक्याची सूचना छापायला लावली. बिडीला तो कायदा लागू नव्हता. सिगारेट ओढणाऱ्या शहरी माणसाला सरकारने सावध केले, बिडी ओढणाऱ्या मजुराला केले नाही. बिडीला कवेत घेणारा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ मध्ये झाला आणि चित्रासकट सूचना ३१ मे २००९ पासून लागू झाली. अक्षर न वाचता येणाऱ्याला कळेल अशी खूण बिडीच्या कट्ट्यावर यायला चौतीस वर्षे लागली.

या चौतीस वर्षांत बिडी निरुपद्रवी आहे असा समज सगळीकडे पसरला. पान नैसर्गिक, कागद नाही, तंबाखू थोडी. वस्तुस्थिती उलटी आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज आत येत नाही, बिडी विझू नये म्हणून घाईघाईने आणि खोल झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात. देशभरच्या मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेल्या २००८च्या मोठ्या अभ्यासाने दाखवले, की बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी आणि बाईचे सुमारे आठ वर्षांनी कमी होते. क्षयाने मरण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे चौपट असतो, हे तमिळनाडूतल्या २००३च्या अभ्यासाने त्याआधीच सांगितले होते.

मजुरी आणि हक्क

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास नक्षलवाद्यांनी या जंगलात पाय रोवले ते तेंदूच्या दराच्या प्रश्नावर. पुड्याला पैसे किती, हा इथल्या राजकारणाचा मुख्य आकडा झाला. ठेकेदार, वनखाते, बंदुकवाले आणि कार्यकर्ते सगळे त्याभोवती फिरले.

२००६च्या वनहक्क कायद्याने नवे पान उघडले. गौण वनोपजाच्या व्याख्येत या कायद्याने बांबूसोबत तेंदूपानाचे नाव स्पष्ट लिहिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या मजूर म्हणून मोजले गेलेले लोक आता विक्रेते म्हणून सही करतात. हा बदल मोठा आहे, न्याय्य आहे आणि तो कष्टाने मिळाला आहे. हंगामाच्या दोन-तीन आठवड्यांत हातात येणारी रोकड पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला कामी येते. या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्याला नाही.

त्या पैशासाठी लोक जीव धोक्यात घालतात. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मारल्या गेल्या. बिडीच्या किमतीत ही जोखीम कुठे धरलेली असते?

धूर कुणाच्या घरात जातो

दुसऱ्याच्या धुराचा पुरावा जगापुढे ठळकपणे आला तो १९८१ मध्ये. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांचा पाठपुरावा करून दाखवले, की नवरा जितका जास्त ओढतो तितका बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू कंपन्यांनी या निष्कर्षावर कडाडून हल्ला केला, पण तो टिकला. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुढे दुसऱ्याच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. लहान मुलांना त्यातून न्यूमोनिया, दमा, कानाचे आजार होतात आणि मोठ्यांना हृदयविकार.

भारतात हा प्रश्न मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराने का मरावे, हा प्रश्न या वेळी निकालाच्या केंद्रस्थानी होता. १९५० ते २००१ या अर्धशतकात न्यायालयाची नजर बिडी वळणाऱ्या हातांवरून श्वास घेणाऱ्या छातीपर्यंत आली. २ ऑक्टोबर २००८ पासून नियम देशभर लागू झाले, दंड दोनशे रुपयांपर्यंत.

कायदा घराच्या उंबऱ्याशी थांबतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसत असल्याचे सांगितले. एका खोलीच्या घरात, चुलीच्या निखाऱ्यावर बिडी पेटवणाऱ्या बापाच्या शेजारी झोपलेल्या पोराला दोनशे रुपयांच्या दंडाचे संरक्षण मिळत नाही.

याच पाहणीत महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आणि चघळणारे-घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या जंगलातले पान बहुतांशी दुसरीकडच्या घरांत जळते आणि त्याचा धूर उत्तरेच्या, पूर्वेच्या राज्यांतल्या बायामुलांच्या वाट्याला येतो. इथे मात्र निकोटिन वेगळ्या वेष्टनात परत येते.

पन्नीतला खर्रा

ते वेष्टन म्हणजे पन्नी. कच्च्या सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन टपरीवर घोटतात. घासून घासून सुपारी मऊ होते, चुना सगळीकडे लागतो आणि खर्ऱ्याची पुडी तयार होते. चुन्याने अल्कता वाढते आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात जाते. सुपारीने अस्तर आतून ताठर होते, तोंड उघडेनासे होते, घास भरवता येत नाही. शाळकरी पोरांच्या खिशातही ही पुडी सापडते. बाया नस घासतात, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावतात. छत्तीसगडच्या सीमेकडे गुडाखूही चालतो.

सवय कधी व्यसन होते? निकोटिनवरचे अवलंबन मोजण्याच्या रूढ प्रश्नावलीत पहिला प्रश्न असतो: सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागते? ज्याला अर्ध्या तासाच्या आत लागते त्याचा मेंदू निकोटिनच्या ताब्यात गेलेला असतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८८च्या अहवालात निकोटिनला हेरॉइन आणि कोकेनच्या पंक्तीत बसवले ते याच कारणाने. म्हणून ‘मनात आणले तर सुटेल’ असे व्यसन लागलेल्याला ऐकवणे अन्यायाचे आहे. इच्छा असते, पण चिडचिड, झोप उडणे, डोके जड होणे, कामात लक्ष न लागणे यातून पार पडायला सोबत आणि उपचार लागतात.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये तिच्यात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा व मावा यांचा समावेश केला. आदेश अन्नसुरक्षा कायद्याखालचा आहे आणि दरवर्षी नव्याने काढला जातो. तरी सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी ठेवायची आणि गिऱ्हाईक आले की घोटायची, ही पळवाट टपरीवाल्याला लगेच सापडली.

गडचिरोलीत माणसांची मोजणी सुरू झाली ती १९८६ पासून इथे काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेमुळे. लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली होती. तंबाखूकडे लक्ष वळले तेव्हा ‘सर्च’च्या पाहणीतून निघालेला निष्कर्ष थक्क करणारा होता: निम्म्याहून अधिक लोक तंबाखू वापरतात आणि त्यावर जिल्ह्याचे वर्षाला ७३ कोटी रुपये खर्च होतात. फडावर पुडा मोजून घेणाऱ्या व्यवस्थेला जे कधी दिसले नव्हते ते पहिल्यांदा रुपयांत मांडले गेले. तेंदूच्या हंगामात जंगलातून आलेली रोकड वर्षभर टपरीवर कशी झिरपते, याचा अंदाज या आकड्यावरून करता येतो.

२०१६ मध्ये राज्य शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू केला. गावसंघटना, विक्रीबंदीचे ठराव, शाळा तंबाखूमुक्त करणे, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार. गावोगावच्या बायांनी पकडलेल्या खर्ऱ्याची, तंबाखूची होळी केली. केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आदिवासी आरोग्य समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. आदिवासींच्या दहा विशेष आरोग्य प्रश्नांत त्याने व्यसनाला जागा दिली. देशातल्या १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांत सुमारे ७२ टक्के तंबाखू वापरतात, इतरांत ५६ टक्के, असे तो सांगतो. व्यसन हा आदिवासींचा स्वभाव आहे असे म्हणणाऱ्यांनी या कागदाआधीचे सगळे कागद वाचावेत. रेल्वे, ठेका, शुल्क, मक्तेदारी, बिनसूचनेची बिडी आणि पन्नीतली पुडी ही मालिका कोणत्याही जमातीच्या स्वभावातून आलेली नाही.

पाचगावचा निर्णय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव हे छोटे गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने एकत्र बसून जंगलाचे नियम केले, बांबूची तोड आणि विक्री स्वतः हातात घेतली, जंगलाचा एक तुकडा देवराई म्हणून राखला. तेंदूपान हे हातचे उत्पन्न होते. ग्रामसभेने ते सोडायचे ठरवले.

ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या निर्णयाबद्दल वारंवार लिहिले. पानासाठी झुडपे छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात. ते थांबवायचे तर पान सोडायला हवे, असा गावाचा विचार. पान सोडल्यावर झाडे वाढू लागली आणि टेंभरे खायला मिळू लागली. शंभर वर्षांपूर्वी बिडीने या झाडाचे जे रूप बदलले होते, ते एका ग्रामसभेने आपल्या हद्दीत परत आणले.

पाचगावला हे जमले कारण बांबूचे उत्पन्न त्यांच्या हातात होते. ज्या गावाला बांबू नाही त्याला असा निर्णय घ्या असे सांगणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. म्हणून पाचगावचे उदाहरण इतर गावांना उपदेश करण्यासाठी वापरू नये. त्याचा खरा अर्थ शासनाने समजून घ्यावा: पर्यायी उत्पन्न आणि जंगलावरचा हक्क एकत्र मिळाला तर लोक पान सोडू शकतात.

भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर शिक्कामोर्तब केले. त्यातले आठवे कलम दुसऱ्याच्या धुरापासून संरक्षणाचे, चौदावे व्यसन सोडवण्याच्या उपचाराचे आणि सतरावे तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्यायी उपजीविका देण्याचे आहे. तिन्ही कलमे या दोन जिल्ह्यांना एकाच वेळी लागू पडतात. आजवर जे झाले ते तुकड्यातुकड्याने झाले: पान वनखात्याकडे, मजुरी ग्रामसभेकडे, खर्रा अन्न व औषध प्रशासनाकडे, खोकला आरोग्यकेंद्राकडे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तेंदूपानावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के आणि बिडीवरचा २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. पान तोडणाऱ्याच्या आणि बिडी वळणाऱ्याच्या पोटाचा विचार त्यामागे सांगितला जाईल. तो विचार खरा असेल तर स्वस्त बिडी हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. स्वस्त बिडी त्याच मजुराच्या घरात जळते.

उत्तर गावपातळीवर शोधता येते. तेंदूच्या लिलावातून शासनाला करापोटी जे मिळते त्यातला ठरावीक वाटा त्याच तालुक्यात व्यसन उपचारासाठी आणि मोह, बांबू, हिरडा यांच्या प्रक्रियेसाठी राखून ठेवावा. हंगामात प्रत्येक फडावर आरोग्यसेविकेने एक दिवस बसावे, तोंड तपासावे, खोकल्याची चौकशी करावी, सोडू इच्छिणाऱ्याचे नाव घेऊन पुढच्या महिन्यात त्याच्या घरी जावे. हे अवघड नाही. फडावर सगळे गाव रोज संध्याकाळी जमते, कार्ड प्रत्येकाच्या हातात असते आणि मोजायची सवय इथे शंभर वर्षांची आहे. त्या कार्डावर पुड्यांच्या रकान्याशेजारी माणसाच्या तब्येतीचा एक रकाना वाढवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.